मॉर्मन चर्चचं सदस्यत्व रीतसर सोडायचं आहे: कागद कसे करायचे, आणि श्रद्धाळू सासरच्यांना कधी, कसं सांगायचं?

ओसरी:

नमस्कार. आम्ही युटामध्ये राहतो. नवरा जन्मापासून मॉर्मन, मी लग्नाआधी बाप्तिस्मा घेतला, लग्न मंदिरात, म्हणजे सीलिंगही (मरणापलीकडे टिकतं असं मानलेलं कुटुंबबंधन) झालेलं. आता दोघांचाही विश्वास उरलेला नाही. नुसतं जाणं बंद करण्याऐवजी नाव रीतसर काढून घ्यायचं, हे आमचं पक्कं ठरलंय. का सोडतोय यावर इथे चर्चा नको, एवढी विनंती.

गुंतागुंत अशी. सासू-सासरे मनापासून श्रद्धाळू आणि आमच्याच वॉर्डात (स्थानिक मंडळीत). मुलगी १० वर्षांची, तिचा बाप्तिस्मा झाला आहे. मुलगा ६ वर्षांचा, त्याचा अर्थातच नाही. नवऱ्याची चर्चच्याच ब्रिगम यंग विद्यापीठातली पदवी या डिसेंबरात पूर्ण होते. नणंदेचं लग्न एप्रिलात, मंदिरात.

पत्र बिशपला (वॉर्डाच्या प्रमुखाला) द्यायचं की थेट मुख्यालयाला? नोटरी खरंच लागते का? मुलांचं काय करायचं? आणि सगळ्यात अवघड म्हणजे सासूबाईंशी नातं न तुटता हा विषय एकदाचा मिटवायचा कसा?

कागदपत्रे:

आधी डिसेंबरचं बघा, बाकी सगळं त्यानंतर. ब्रिगम यंगमध्ये शिकायला दरवर्षी धर्मनेत्याची शिफारस लागते. इतर धर्मांचे विद्यार्थी तिथे शिकू शकतात, पण जो विद्यार्थी सदस्य होता आणि शिकत असताना चर्च सोडतो, त्याची शिफारस आपोआप रद्द होते. शिफारस गेली की ऑनर कोडनुसारचं (विद्यापीठाच्या आचारसंहितेनुसारचं) स्थान जातं आणि पदवी अडकते. म्हणून शेवटची परीक्षा झाली म्हणजे सुटलो असं धरू नका. पदवी बहाल झाल्याची नोंद ट्रान्सक्रिप्टवर दिसली, अधिकृत प्रत हातात आली, की मगच नवऱ्याचं पत्र टाका. तोवर वॉर्डात कुणाकडेही 'आम्ही नाव काढतोय' असं बोलू नका. राजीनाम्याशिवायही बिशप ती शिफारस काढून घेऊ शकतो.

हीच अडचण चर्चमध्ये नोकरी करणाऱ्यांना येते. चर्चच्या संस्थांत सदस्य कर्मचाऱ्यांना टेंपल रेकमेंडच्या (मंदिरात प्रवेशाच्या परवानापत्राच्या) पात्रतेत राहावं लागतं. तुमच्यापैकी कुणी तिथे कामाला असेल तर पगार आणि आरोग्यविम्याची सोय आधी लावा.

आता पत्र. दोन वाटा आहेत. पहिली, बिशपला सही केलेलं लेखी पत्र द्यायचं. याला नोटरी लागत नाही. बिशप सहसा भेटून बोलायला बघतो, मग विनंती स्टेक (अनेक वॉर्डांचा गट) अध्यक्षाकडे आणि तिथून मुख्यालयात जाते. दुसरी, नोटरी केलेलं पत्र थेट सॉल्ट लेक सिटीच्या मुख्यालयाला: ५० ईस्ट नॉर्थ टेंपल स्ट्रीट, सॉल्ट लेक सिटी, युटा ८४१५०, सदस्य-नोंदींच्या विभागाच्या नावे. सासू-सासरे त्याच वॉर्डात आहेत म्हणून मी दुसरी वाट सुचवेन. पहिल्या वाटेत कागद शेजारपाजारच्या चार हातांतून जातो. त्यातच सासरे बिशपचे समुपदेशक किंवा क्लार्क (नोंदी ठेवणारे) असतील, तर तुम्ही सांगण्याआधीच त्यांना कळायचं.

वकिलामार्फत फुकट काम करून देणारी क्विटमॉर्मन नावाची सेवाही आहे. तिचा उपयोग ज्यांना चर्चकडून फोन, भेटी अजिबात नको असतात त्यांना जास्त. पत्रव्यवहार वकिलाच्या नावे होतो. तुमचं प्रकरण साधं आहे, स्वतः केलंत तरी चालेल.

पत्र लहान ठेवा, अर्धं पान. कारणं लिहू नका. कारण लिहिलं की उत्तर द्यायला जागा होते. मजकूर इंग्रजीत, पण आशय इतकाच:

'मी, (पूर्ण नाव), जन्मतारीख अमुक, सदस्य क्रमांक अमुक, या पत्राद्वारे द चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स या चर्चच्या सदस्यत्वाचा तात्काळ राजीनामा देत आहे. बाप्तिस्मा, पौरोहित्य आणि मंदिरातील विधी यांवर याचा काय परिणाम होतो हे मला माहीत आहे. मी विचारपूर्वक ठरवलं आहे. थांबण्याची मुदत नको आहे. माझं नाव सदस्य-नोंदींतून काढावं आणि काढल्याचं लेखी कळवावं. त्याखेरीज चर्चच्या वतीने कुणीही माझ्याशी संपर्क करू नये.'

खाली पत्ता, तारीख, सही. सदस्य क्रमांक जुन्या टेंपल रेकमेंडवर किंवा चर्चच्या ऑनलाइन खात्यात सापडतो. तो नसला म्हणून पत्र अडत नाही. नाव आणि जन्मतारीख जुळली पाहिजे.

नोटरीबाबत एकच चूक लोक पुन्हा पुन्हा करतात: घरूनच सही करून नेतात. सही नोटरीच्या समोर करायची असते. फोटो असलेलं ओळखपत्र न्या. नोटरी फक्त तुमची ओळख आणि सही प्रमाणित करतो. पत्रात काय आहे याच्याशी त्याचा संबंध नसतो, त्यामुळे संकोचायचं कारण नाही. वॉर्डातलाच नोटरी गाठू नका म्हणजे झालं. बऱ्याच बँका आपल्या खातेदारांना हे फुकट करून देतात. दोघांची दोन स्वतंत्र पत्रं करा. एकाच्या सहीने दुसऱ्याचं नाव निघत नाही.

टपालाने पाठवताना सर्टिफाइड मेल आणि पोचपावती घ्या. पावती आणि पत्राची स्कॅन प्रत घरी जपून ठेवा.

सावकाश:

वर कागदपत्रे यांनी सांगितलेलं सगळं बरोबर. फक्त पत्र टाकण्याआधी अर्धा दिवस काढून ऑनलाइन खात्यातून हवं ते उतरवून घ्या, कारण नाव निघालं की सदस्य म्हणून मिळणारा प्रवेश बंद होतो.

काय काय घ्यायचं: बाप्तिस्मा, एंडाउमेंट (मंदिरातला दीक्षाविधी), सीलिंग यांच्या तारखांचा सारांश. पॅट्रिआर्कल ब्लेसिंगची (सदस्याला मिळणाऱ्या वैयक्तिक आशीर्वादाची) प्रत. आज ती नकोशी वाटेल, पण कुटुंबाच्या इतिहासात तिला जागा असते आणि पुढे मुलं विचारू शकतात. देणग्यांचा वार्षिक हिशेब, म्हणजे टायदिंगच्या (उत्पन्नाच्या दशांशाच्या) पावत्या. करविवरणात वजावट घेतली असेल तर २५० डॉलर किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक देणगीला लेखी पोच लागते, आणि विवरणाची चौकशी नंतरही होऊ शकते. बँकेतून टायदिंग आपोआप जात असेल तर ती आधी थांबवा.

फॅमिलीसर्च (चर्चचं वंशावळीचं संकेतस्थळ) सगळ्यांना खुलं आहे, राजीनाम्यानंतरही वापरता येतं. फक्त मंदिरातल्या विधींशी जोडलेल्या सोयी दिसेनाशा होतात. तरी तुम्ही चढवलेले फोटो आणि कागद एकदा उतरवून ठेवा.

एक बारीक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. नाव निघालं की वॉर्डाच्या मोबाइल ॲपमधल्या यादीतून तुमच्या घराची ओळच नाहीशी होते. सासूबाईंच्या फोनवर ती यादी असणार. रविवारच्या जेवणाचा निरोप द्यायला त्यांनी ॲप उघडलं आणि मुलाचं नावच नाही, तर त्यांना बातमी तिथेच कळली म्हणून समजा. म्हणून आधी घरी सांगा, मग पत्र टाका. मध्ये एक-दोन आठवड्यांचं अंतर पुरे. त्याहून लांबलं तर तो काळ मन वळवण्यातच जातो.

ओसरी:

दोघांचेही आभार. दोन गोष्टी स्पष्ट करते. आम्हा दोघांचंही रेकमेंड संपलेलं आहे, नवं घेतलेलं नाही. आणि माझं ओळखपत्र माहेरच्या आडनावावर आहे. चर्चच्या नोंदीत मात्र सासरचं आडनाव आहे असं वाटतं. याने अडेल का?

कागदपत्रे:

अडू शकतं, पण उपाय सोपा आहे. पत्रात ओळखपत्रावरचं नाव लिहा आणि पुढे 'सदस्य-नोंदीत अमुक नावाने' असं जोडा. सही ओळखपत्राप्रमाणे करा, नाहीतर नोटरी परत पाठवेल. जन्मतारीख लिहिताना महिना अक्षरांत लिहा. आपल्याकडे दिवस आधी लिहायची सवय, अमेरिकेत महिना आधी. ०४-०७ चा अर्थ तिकडे उलटा लागतो आणि नोंद जुळत नाही.

मुलीसाठी स्वतंत्र पत्र. ती अल्पवयीन असल्यामुळे ताबा असलेल्या दोन्ही पालकांच्या सह्या हव्यात, आणि १० वर्षांची मुलगी समजूतदार असते, तिचीही सही घ्या. एकच पालक सही करायला तयार असला तर मुलाचं प्रकरण तिथेच थांबतं. तुमच्याकडे तो प्रश्न नाही. मुलाचा बाप्तिस्मा झालेला नसला तरी सदस्यांचं मूल म्हणून त्याची नोंद असणार. त्याचं नावही दोघांच्या सहीने काढून मागा. ते राहिलं तर तो ८ वर्षांचा व्हायच्या सुमाराला बाप्तिस्म्याची विचारणा घरी येईल, आणि तुम्हाला वाटेल की आपलं ऐकलंच नाही.

पायवाट:

मुलीच्या बाबतीत माझं मत वेगळं आहे. तिला विचारल्याशिवाय तिचं नाव काढू नका. तिच्या मैत्रिणी वॉर्डात असतील, आजीबरोबर ती प्रायमरीच्या (चर्चमधल्या मुलांच्या) वर्गाला जात असेल. आईवडिलांनी आपला निर्णय तिच्यावर लादला, असं तिला वाटायला नको. आजीच्या दृष्टीनेही 'त्यांनी स्वतःचं काढलं' आणि 'त्यांनी नातीचंही काढलं' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तिचा कागद वर्षभराने केला तरी काही बिघडत नाही. अल्पवयीन असेपर्यंत तुमची सही कायम चालणार.

मुलाबाबत मात्र कागदपत्रे म्हणतात तसंच करा, आणि सासू-सासऱ्यांना तोंडी सांगून ठेवा: पालकांच्या परवानगीवाचून अल्पवयीन मुलाचा बाप्तिस्मा चर्चही करत नाही, आणि ती परवानगी आम्ही देणार नाही. हे एकदाच, शांतपणे, दोघांनी मिळून सांगायचं. दर सणावाराला नव्याने नको.

श्रद्धाळू_वाचक:

मी सदस्य आहे आणि राहणार आहे. तुमचं मन वळवायला आलेलो नाही. तुमच्या सासूबाईंना हे ऐकताना काय वाटेल, ते या बाजूने सांगतो; त्याने बोलणं सोपं जाईल.

त्या 'आम्ही राजीनामा देतोय' हे वाक्य ऐकतील तेव्हा त्यांच्या मनात पहिला विचार सीलिंगचा येईल. कुटुंब मरणापलीकडेही एकत्र राहतं, हा आमच्या श्रद्धेचा गाभा आहे. चर्चची भूमिका अशी की राजीनाम्याने बाप्तिस्म्याचा आणि पौरोहित्याचा परिणाम संपतो, मंदिरातले आशीर्वाद मागे घेतले जातात. त्यांना दिसेल ती स्वर्गातली रिकामी खुर्ची. त्यामुळे त्या रडल्या तर तो तुमच्यावरचा राग समजू नका.

पण त्यांच्याच श्रद्धेत त्यांना धीर देणाऱ्या गोष्टी आहेत, आणि त्या तुम्ही त्यांच्यापासून हिरावून घेऊ नका. पहिली: राजीनाम्याने त्यांचे स्वतःचे, देवाशी केलेले करार बदलत नाहीत. प्रेषित ऑर्सन एफ. व्हिटनी यांनी १९२९ मध्ये मांडलेली शिकवण आमच्यात आजही आईवडील एकमेकांना सांगतात: आईवडील आपल्या करारांशी एकनिष्ठ राहिले तर दूर गेलेली लेकरं कधी ना कधी परततील. दुसरी: मागाहून कुणाला परत यायचं असेल तर दार बंद होत नाही. सहसा किमान वर्षभरानंतर, मुलाखती होऊन पुन्हा बाप्तिस्मा होतो, आणि ज्यांचं एंडाउमेंट झालेलं होतं त्यांचे जुने आशीर्वाद प्रथम अध्यक्षमंडळाच्या (चर्चच्या सर्वोच्च नेतृत्वाच्या) मान्यतेने परत बहाल होतात. तिसरी: राजीनामा दिला म्हणजे बाह्य अंधारात (देवापासून कायमचं दूर) गेलात, असं आमचं शास्त्र म्हणत नाही. ते फार थोड्यांसाठी, पूर्ण ज्ञान असूनही उलटलेल्यांसाठी सांगितलं आहे.

तुम्ही परत येणार नाही हे तुम्हाला पक्कं माहीत असेल. त्यांनी आशा ठेवली तर ठेवू द्या. 'आम्ही कधीच येणार नाही, आशा सोडा' असं बजावून तुमच्या पदरात काही पडणार नाही.

आणि शब्दांचं सांभाळा. 'मॉर्मन' हे नाव वापरू नये असं २०१८ पासून चर्चने सांगितलं आहे. घरात नुसतं 'चर्च' म्हणा. 'पंथ', 'ब्रेनवॉश' हे शब्द एकदा तोंडातून गेले की पुढचं कुणी ऐकत नाही.

सावकाश:

श्रद्धाळू_वाचक, मनापासून आभार. हे बाहेरून कुणाला सांगता येत नाही.

ओसरी, आता प्रत्यक्ष बोलण्याचं. सांगायचं ते नवऱ्याने सांगावं, तुम्ही शेजारी बसा. जन्माचा मॉर्मन तो आहे. तुम्ही बोललात तर 'सुनेने मुलाला फिरवलं' ही गोष्ट वॉर्डभर तयार होते आणि मग ती पुसता येत नाही. फक्त सासू-सासरे असतील अशी वेळ निवडा. सोमवारची कौटुंबिक प्रार्थनेची संध्याकाळ, रविवार, कुणाचा वाढदिवस, हे टाळा. मुलं त्या वेळी दुसरीकडे असू द्या. आधी फोनवर सुतोवाच करू नका. 'एक महत्त्वाचं बोलायचंय' एवढं ऐकून माणूस रात्रभर आजारपणाच्या किंवा घटस्फोटाच्या काळजीत राहतो.

बोलायचं ते पाच-सहा वाक्यांत. आम्ही दोघांनी मिळून ठरवलंय. चर्चमधून नाव काढून घेतोय, पत्र अमुक आठवड्यात जाईल. आमचं लग्न उत्तम आहे, कुणी कुणाला फशी पाडलेलं नाही. तुम्ही आम्हाला जे प्रामाणिकपणा आणि कष्ट शिकवलेत ते आमच्याजवळ आहे. नातवंडं तुमच्याकडे पूर्वीसारखीच येणार. हे तुम्हाला आमच्याकडूनच कळावं असं वाटलं.

मग थांबा. पुढचा अर्धा तास त्यांचा. सासरे साक्ष देतील, म्हणजे 'मला ठाऊक आहे की हे चर्च खरं आहे' असं मनापासून बोलतील. ती पूर्ण ऐकून घ्या आणि 'सांगितलंत, बरं वाटलं' म्हणा. साक्षीला खोडायला गेलात की तो वाद होतो, आणि पहिल्या दिवशीचा वाद पुढची पाच वर्षं पुरतो.

'का?' हा प्रश्न येणारच. त्या दिवशी इतिहासात शिरू नका. बहुपत्नीत्व, बुक ऑफ अब्राहम (चर्चच्या धर्मग्रंथांपैकी एक), १९७८ पर्यंत कृष्णवर्णीयांना न मिळणारं पौरोहित्य, हे विषय तुम्हाला पाठ असतील. त्यांना ते घाव वाटतील. 'आम्ही पुष्कळ वाचलं, आमचा विश्वास राहिला नाही, सविस्तर कधी विचारायचं असेल तर सांगू' एवढं बस. पुढे कधी खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचारलं, तर टीकाकारांचे दुवे पाठवण्याऐवजी चर्चने स्वतःच २०१३ ते २०१५ दरम्यान आपल्या संकेतस्थळावर टाकलेले विषयवार निबंध दाखवा. स्रोत त्यांचाच असला की 'विरोधकांनी रचलेलं' म्हणून ते बाजूला पडत नाही.

पायवाट:

लग्नाचा मुद्दा राहिला. तुमचं रेकमेंड संपलेलं आहे, म्हणजे राजीनामा न देताही तुम्हाला सीलिंगच्या खोलीत जाता येणार नाही. आत जायला चालू रेकमेंड लागतं, निव्वळ सदस्यत्व पुरत नाही. हे सासूबाईंना माहीत असतंच, पण दुःखाच्या भरात 'नाव काढलं म्हणून बहिणीच्या लग्नाला आत नाही' असा हिशेब मनात बसतो. तो बसू देऊ नका. काही जण केवळ लग्नासाठी मुलाखतीत खोटी उत्तरं देऊन रेकमेंड काढतात. तसलं काही करू नका. पुढे राजीनामा बाहेर आला की ते खोटं नणंदेला तिच्या लग्नालाच लावलेला डाग वाटेल.

एक सोय आहे. मे २०१९ पर्यंत अमेरिकेत आणि कॅनडात आधी नागरी विवाह केला तर मंदिरातल्या सीलिंगसाठी वर्षभर थांबावं लागायचं. तो नियम गेला. आता आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी सगळ्या कुटुंबासमोर नागरी विवाह आणि मग मंदिरात सीलिंग करता येतं. हे नणंदेला सुचवावं का? एकदाच, मागणी न वाटेल असं. 'तुला तसं करायचं असेल तर तयारी आम्ही करू' एवढं नवऱ्याने सांगावं. तिने नको म्हटलं तर विषय संपला. मंदिराच्या आवारात थांबा, फोटोला उभे राहा, स्वागतसमारंभात राबा. नवरा-नवरी दारातून बाहेर येतात तेव्हा तुम्ही तिथे होतात, हे तिच्या लक्षात राहील.

पत्राच्या वेळेबद्दल: पदवीची नोंद दिसली की जानेवारीत सांगून मोकळे व्हा. एप्रिलपर्यंत पहिला धक्का ओसरतो. जानेवारीत सांगणं जमलं नाही तर सरळ मे-जूनवर टाका. मार्चमध्ये मात्र नाही.

कागदपत्रे:

कायद्याचं थोडं, कारण कुणी 'बिशपने मान्य केल्याशिवाय राजीनामा होत नाही' असं सांगेल. अमेरिकेत धर्मसंस्थेचं सदस्यत्व ऐच्छिक मानलं जातं. दुसऱ्या एका चर्चच्या प्रकरणात ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये म्हटलं की सदस्याने बाहेर पडल्याचं कळवल्यानंतर चर्चला त्याच्यावर शिस्तीची कारवाई करण्याचा अधिकार राहत नाही. युटावर तो निकाल बंधनकारक नाही, पण तत्त्व तेच. तुमच्या पत्रात 'राजीनामा देत आहे' हवं. 'परवानगी मागत आहे' नको.

आणखी एक गैरसमज: नाव काढलं म्हणजे सगळी माहिती पुसली जाते, असं नाही. सदस्यत्व संपतं, पण पूर्वी सदस्य होता याची अंतर्गत नोंद राहते. परत येणाऱ्याला ओळखायला तीच लागते. युरोपात राहणारे कुणी वाचत असतील त्यांच्यासाठी: जीडीपीआर या युरोपीय माहिती-संरक्षण कायद्याच्या कलम १५ खाली तुमची माहिती मागता येते, पण कलम ९ मध्ये धर्मसंस्थांना माजी सदस्यांचीही माहिती ठेवायला मर्यादित मुभा आहे. संपूर्ण पुसण्याचा हट्ट धरून महिनोनमहिने झुंजण्यात अर्थ नाही.

संपर्काबद्दल. पत्रात 'संपर्क नको' लिहिलं तरी तरुण मिशनरी दारात येऊ शकतात. ते दार-दार फिरतात. नम्रपणे सांगा, जातात. पुढे घर बदललंत तर वॉर्डाचा क्लार्क नवा पत्ता नातेवाइकांना विचारतो, कारण हरवलेल्या सदस्यांचे पत्ते शोधण्याची तीच नेहमीची रीत आहे. घरी सांगून झालं की सासूबाईंना विनंती करून ठेवा की पत्ता, फोन देऊ नका.

ओसरी:

सगळं टिपून घेतलं. नवऱ्याचा एक प्रश्न: गारमेंट्स (एंडाउमेंटनंतर आतून घालायची पवित्र वस्त्रं) आणि मंदिराचे कपडे यांचं काय करायचं? आणि वडील थकत चाललेत. उद्या त्यांच्या अंत्यविधीत आपल्याला जागा असेल का, हे त्याला फार लागतं.

श्रद्धाळू_वाचक:

गारमेंट्सवर चार ठिकाणी खुणा शिवलेल्या असतात. तेवढे तुकडे कापून नष्ट करायचे, उरलेलं कापड कापून टाकलं की ते साधं कापड. हे घरात, एकट्याने करा. कचऱ्याच्या डब्यात अखंड गारमेंट दिसलं तर आईला फार लागेल. मंदिराचे कपडे चांगल्या स्थितीत असतील तर ते वडिलांकडे किंवा एखाद्या एंडाउमेंट झालेल्या नातेवाइकाकडे सन्मानाने देता येतात. देताना भाषण नको.

अंत्यविधीबद्दल त्यांना सांगा, जागा आहे. चर्चमधली अंत्यसेवा सगळ्यांना खुली असते, आणि बिशपच्या संमतीने सदस्य नसलेला मुलगाही वडिलांबद्दल बोलू शकतो. थडग्याचं समर्पण मेल्किझेडेक (वरच्या दर्जाचं) पौरोहित्य असलेल्यालाच करता येतं, ते त्यांना करता येणार नाही. पण कुटुंबाची इच्छा असेल तर समर्पणाऐवजी साधी प्रार्थना होते आणि ती कुणीही करू शकतं. एंडाउमेंट झालेल्या सदस्याला मंदिराच्या कपड्यांत निरोप देतात. वडिलांच्या वेळी कपडे घालण्याचं ते काम सहसा एंडाउमेंट झालेले पुरुष करतील, तेव्हा भाऊ किंवा काका यांच्यावर सोपवावं लागेल. शवपेटी खांद्यावर घ्यायला, श्रद्धांजलीचा मजकूर लिहायला, आईजवळ पहिल्या रांगेत बसायला सदस्यत्व लागत नाही. वडील बोलते-चालते आहेत तोवरच नवऱ्याने त्यांना विचारावं: 'तुमच्या वेळी मी काय करावं असं तुम्हाला वाटतं?' राजीनाम्यानंतर काही महिन्यांनी हा प्रश्न विचारलात तर मुलगा दूर गेलेला नाही हे वडिलांना वेगळं सांगावं लागणार नाही.

सावकाश:

नेहमीच्या भेटींचं आधी ठरवून ठेवा, नाहीतर दर वेळी तेच उकरून निघेल. त्यांच्या घरी जेवणाआधीच्या प्रार्थनेत मान खाली घालून शांत बसा. 'आमेन' म्हणायचं की नाही ते तुमच्यावर. प्रार्थना तुम्हाला करायला सांगितली तर 'बाबा, तुम्हीच करा' म्हणा. चर्चमध्ये कॉफी, चहा, दारू वर्ज्य आहेत, म्हणून त्यांच्या घरात ती नको. तुमच्या घरात ते आले आणि ओट्यावर कॉफीचं यंत्र दिसलं तर ते लपवायची गरज नाही, पण पहिल्याच भेटीत समोर बसून पिऊ नका. मुलांना त्यांनी चर्चला न्यायचं का, किती वेळा, कोणत्या कार्यक्रमांना, हे तुम्ही दोघांनी आधी ठरवून एकाच तोंडाने सांगा. बाप्तिस्म्याच्या तयारीच्या गोष्टी नकोत, नाताळचं नाटुकलं चालेल, असं काहीतरी स्पष्ट.

सासूबाई मधूनमधून धर्मनेत्याचं भाषण पाठवतील. प्रत्येकाला उत्तर देऊ नका आणि त्यांना ब्लॉकही करू नका. 'मिळालं आई. रविवारी मुलांना घेऊन येतोय.' एवढं पुरतं. महिन्याला चाराची आठ झाली तर नवऱ्याने प्रत्यक्ष भेटीत सांगावं की ही पाठवणं थांबवा, बाकी रोज बोलू.

त्यांनी 'तुमचं बरोबर' म्हणावं ही अपेक्षा ठेवली तर तुम्ही वर्षानुवर्षं ताटकळत राहाल. तुमच्या येण्याजाण्याला त्यांनी पूर्वीसारखं दार उघडलं, नातवंडांसमोर चर्चचा विषय टाळला, नणंदेने लग्नाच्या कामांत तुम्हाला धरलं, हे झालं की विषय मिटला असं धरा. काही घरांत त्याला दोन-तीन महिने लागतात, काहींत दोन-तीन वर्षं.

ओसरी:

जानेवारीचं ठरवतोय. मुलीला विचारून मगच तिचं. मुख्यालयाकडून नाव काढल्याचं पत्र आल्यावर आणखी काही करायचं राहतं का?

कागदपत्रे:

यायला काही आठवडे लागतात, कधी काही महिने. आलं की त्यावरचं नाव आणि जन्मतारीख तपासा. प्रत्येकाच्या नावाची स्वतंत्र खात्री मिळाली का तेही बघा. मुलाचं नाव राहून जाण्याचा संभव सगळ्यात जास्त. राहिलं असेल तर पहिल्या पत्राची प्रत आणि पोचपावती जोडून त्याच पत्त्यावर पुन्हा लिहा, नवा मजकूर रचत बसू नका. मूळ पत्र पासपोर्ट, जन्मदाखले ठेवता त्या फायलीत ठेवा. फोटो काढून समाजमाध्यमांवर टाकू नका, निदान लग्न होईपर्यंत तरी. नणंदेच्या सासरचे लोकही ते बघतील. आणि तीन महिने उलटूनही काहीच आलं नाही तर मुख्यालयाला फोन करून सदस्य-नोंदींचा विभाग मागा. पोचपावतीवरची तारीख आणि सदस्य क्रमांक हाताशी ठेवूनच फोन करा.